मोडलेल्या खुब्याची चौकशी

सत्तरी ओलांडलेला माणूस बाथरूममध्ये घसरतो आणि खुब्याजवळ मांडीचं हाड मोडतं. पुढचं सगळं ठरल्यासारखं घडतं. एक्स-रे निघतो, एक-दोन दिवसांत शस्त्रक्रिया होते, आत रॉड बसतो किंवा बॉल बदलला जातो, वॉकर धरून चार पावलं टाकता आली की घरी सोडतात. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला घरचे एकच सांगतात, "फरशी ओली होती." फरशी ओली होती हे खरंच असतं. पण त्याच फरशीवर घरातला तिशीतला मुलगाही कधीतरी घसरलेला असतो आणि कोपर चोळत उठलेला असतो. उभ्या माणसाच्या उंचीवरून पडून धडधाकट हाड सहसा मोडत नाही. मोडलं, तर ते पडण्याआधीच कमकुवत झालेलं होतं असं धरून चालावं लागतं. ते कधीपासून कमकुवत होत होतं आणि कशामुळे, हे विचारायचं बहुतेक घरांत राहून जातं. बहुतेक रुग्णालयांतही.

हे पुस्तक त्या राहून गेलेल्या प्रश्नाबद्दल आहे. पुरुषाच्या शरीरातली संप्रेरकं त्याची हाडं कशी राखतात, वय वाढताना ही राखण कशी सैल पडते, आणि ती सैल पडल्याचं वेळेत कसं ओळखायचं, हा त्याचा विषय. तो एका प्रस्तावनेत मावणारा नाही, पण वाचकाने पुढच्या प्रकरणांकडे जाण्याआधी काही गोष्टी मनात पक्क्या कराव्यात एवढ्यासाठी हे थोडं लांबलेलं लेखन.

प्रश्न न विचारण्याचा हिशेब काही ठिकाणी मांडला गेला आहे. अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहरात खुबा मोडून आलेल्या 363 रुग्णांची पाहणी 2002 साली प्रसिद्ध झाली. त्यांत 110 पुरुष होते. रुग्णालयातून घरी जाताना हाडांच्या ठिसूळपणावर काही ना काही उपचार सुरू झालेल्या स्त्रिया 27 टक्के होत्या आणि पुरुष फक्त साडेचार टक्के. वर्षभरात स्त्रियांपैकी 17 टक्के दगावल्या, पुरुषांपैकी 32 टक्के. मृत्यूंमधला हा फरक केवळ उपचार न मिळाल्यामुळे पडला असं म्हणणं चुकीचं ठरेल. खुबा मोडणारे पुरुष मुळातच अधिक आजारी असतात. कुणाचं हृदय थकलेलं असतं, कुणाची फुप्फुसं. तरीही ज्यांना धोका जास्त त्यांच्याकडेच लक्ष सर्वांत कमी, ही गोष्ट उरतेच. ती मला अस्वस्थ करते, आणि या पुस्तकामागची खरी निकड तीच आहे.

स्त्रियांच्या बाबतीत निदान बोललं तरी जातं. पाळी गेल्यावर हाडं ठिसूळ होतात हे आता घरोघरी ठाऊक आहे. आईच्या कॅल्शियमच्या गोळ्या मुलगी आठवणीने आणून देते. या जाणिवेची सुरुवात बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये झाली. तिथले फुलर ऑलब्राइट आणि त्यांचे सहकारी यांनी 1941 साली मणके खचलेल्या रुग्णांचं वर्णन प्रसिद्ध केलं. त्या रुग्णांत बहुसंख्य पाळी गेलेल्या स्त्रिया होत्या. बीजांडकोशांतून येणारं इस्ट्रोजेन थांबलं की हाडांची बांधणी ढासळते, असा निष्कर्ष ऑलब्राइट यांनी काढला. इस्ट्रोजेन नेमकं काय करतं याबद्दलचं त्यांचं म्हणणं पुढे बदलावं लागलं, पण मूळ संबंध टिकला. त्यातून लाखो स्त्रियांचं भलं झालं. सोबत एक समजही रुजला, की हा बायकांचा आजार. जागतिक आरोग्य संघटनेने 1994 मध्ये ऑस्टिओपोरोसिसची मोजता येणारी व्याख्या केली, उणे अडीच टी-स्कोअरची (टी-स्कोअर म्हणजे हाडाची घनता तरुण हाडाच्या सरासरीपासून किती दूर आहे ते सांगणारा आकडा), तीही पाळी गेलेल्या गौरवर्णी स्त्रिया डोळ्यांसमोर ठेवून. आजदेखील पुरुषाचा टी-स्कोअर काढताना त्याच्या हाडाची तुलना तरुण स्त्रीच्या हाडाशी करावी अशी आंतरराष्ट्रीय शिफारस आहे. वाचून आश्चर्य वाटेल, पण तिला आधार आहे: घनता सारखी असेल तर त्याच वयाच्या स्त्री-पुरुषांत हाड मोडण्याचा धोका जवळपास सारखाच आढळतो.

पुरुषांचं काय, यावर त्या काळात एक सोपं उत्तर तयार होतं. स्त्रीची हाडं इस्ट्रोजेन राखतं, पुरुषाची टेस्टोस्टेरॉन. पुरुषाला पाळी जाण्यासारखा एका वर्षात कोसळणारा टप्पा नसतो; वृषणांचं काम म्हातारपणीही चालू राहतं, तिशी-चाळिशीनंतर रक्तातलं टेस्टोस्टेरॉन वर्षाला साधारण एक टक्क्याने उतरत जातं इतकंच. तेव्हा त्याची हाडं सुरक्षित. ही मांडणी जवळजवळ 50 वर्षं कुणी गंभीरपणे तपासली नाही.

ती कशी मोडली हे सांगण्याआधी हाडाबद्दल थोडं. हाड निर्जीव खांबासारखं उभं नसतं. ते सतत खाल्लं जातं आणि भरलं जातं. ऑस्टिओक्लास्ट नावाच्या पेशी जुनं हाड विरघळवून खड्डा करतात, ऑस्टिओब्लास्ट त्या खड्ड्यात नवं हाड भरतात. खाण्याचं काम काही आठवड्यांत उरकतं, भरायला तीन-चार महिने लागतात. प्रौढ माणसाच्या सांगाड्याचा सुमारे दहावा हिस्सा दर वर्षी असा नवा होतो. हाडाच्या आत पुरून गेलेल्या ऑस्टिओसाइट पेशी कुठे भार पडतोय, कुठे बारीक तडा गेलाय हे ओळखून दोन्ही बाजूंना संदेश देतात. पंचविशी-तिशीपर्यंत भरणं जास्त, त्यानंतर काही वर्षं बरोबरी, मग खाणं जास्त. पन्नाशीनंतर पुरुषाचं हाड साधारणपणे वर्षाला अर्धा ते एक टक्का घटतं; स्त्रीचं पाळी जाण्याच्या आसपासच्या वर्षांत दोन-तीन टक्क्यांनीही घटतं.

पुरुषाला दोन गोष्टींचा फायदा मिळतो. वयात येण्याचा काळ लांबल्यामुळे त्याची हाडं जाड आणि रुंद होतात. आणि म्हातारपणात आतली घट होत असतानाही हाडाच्या बाहेरच्या अंगावर थोडी थोडी भर पडत राहते. शिवाय घट होण्याची तऱ्हाही वेगळी असते. मणक्याच्या आत जाळीसारखं हाड असतं. पुरुषात त्या जाळीच्या काड्या बारीक होतात, स्त्रीत त्या मधूनच तुटून नाहीशा होतात. कौलारू घराचे वासे झिजून बारीक झाले तरी छप्पर बरीच वर्षं तग धरतं. वासे निखळले तर दोन-तीन पावसाळ्यांत खाली येतं. त्यामुळे पुरुषांची हाडं मोडण्याची लाट स्त्रियांपेक्षा सुमारे दहा वर्षं उशिरा येते. आपल्याकडे पुरुषांचं आयुर्मान वाढतंय, म्हणजे त्या लाटेपर्यंत पोचणाऱ्यांची संख्याही वाढतेय.

आता 1994 कडे. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये एका 28 वर्षांच्या अमेरिकी पुरुषाची हकिकत छापून आली. एरिक स्मिथ, केनेथ कोराच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती लिहिली होती. या माणसाची उंची 204 सेंटिमीटर होती आणि तो अजूनही हळूहळू वाढत होता. गुडघे आत वळत चालले होते. एक्स-रेमध्ये त्याच्या हाडांचं वय 15 वर्षांच्या मुलाइतकं दिसलं; लांब हाडांच्या टोकांशी असलेल्या वाढीच्या चकत्या मिटलेल्याच नव्हत्या. दाढी-मिशा, आवाज, बाकी सगळं पुरुषाचं. टेस्टोस्टेरॉन अगदी योग्य पातळीवर. आणि हाडं वृद्ध स्त्रीसारखी ठिसूळ.

दोष सापडला तो इस्ट्रोजेनच्या ग्राहकात. पेशीने इस्ट्रोजेनला प्रतिसाद देण्यासाठी जे प्रथिन लागतं, त्याच्या जनुकात बिघाड होता. रक्तात इस्ट्रोजेन होतं, उलट नेहमीपेक्षा जास्त होतं, पण एकही पेशी ते ओळखत नव्हती. बाहेरून भरपूर इस्ट्रोजेन देऊनही काही फरक पडला नाही. टेस्टोस्टेरॉन हाडांचा राखणदार असतं, तर या माणसाची हाडं भक्कम असायला हवी होती. त्या एका रुग्णाने 50 वर्षांची समजूत उलटवली.

एका रुग्णावरून शास्त्र उभं राहत नाही, हे खरं. पण लवकरच पूरक पुरावा आला. टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्रोजेनमध्ये रूपांतर करणारं एक विकर शरीरात असतं, अरोमाटेज. चरबीत, स्नायूंत, मेंदूत, खुद्द हाडात ते काम करतं. पुरुषाच्या शरीरातलं बहुतांश इस्ट्रोजेन असंच, त्याच्याच टेस्टोस्टेरॉनमधून घडतं. हे विकर जन्मतः नसलेले अगदी मोजके पुरुष जगात सापडले आहेत. त्यांपैकी एकावर इटलीतल्या मोदेना इथे चेझारे कारानी आणि सहकाऱ्यांनी उपचार केले; अहवाल 1997 चा. टेस्टोस्टेरॉन दिल्याने हाडांत काहीच सुधारणा झाली नाही. इस्ट्रॅडिऑल, म्हणजे इस्ट्रोजेनचं मुख्य रूप, दिल्यावर वाढीच्या चकत्या मिटल्या आणि घनता वाढली. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कमधून जॉन बिलेझिकियन यांच्या गटाने अशाच दुसऱ्या रुग्णाबद्दल तेच सांगितलं.

इथे एक शंका कुणालाही येईल. हे सगळे जन्मजात बिघाड. सत्तरीतल्या सर्वसाधारण माणसाशी त्यांचा काय संबंध? या शंकेचं उत्तर मेयो क्लिनिकमधल्या एका प्रयोगाने दिलं, आणि माझ्या मते या विषयातला तो सर्वांत देखणा प्रयोग आहे. लॉरेन्स रिग्ज आणि संदीप खोसला यांच्या गटाने 59 वृद्ध पुरुष घेतले, सरासरी वय 68. एका औषधाने त्यांच्या वृषणांचं टेस्टोस्टेरॉन बंद केलं, दुसऱ्याने अरोमाटेज थांबवलं, आणि त्वचेवर लावायच्या पट्ट्यांमधून दोन्ही संप्रेरकं नेहमीच्या पातळीला परत दिली. म्हणजे आता प्रत्येकाच्या शरीरातल्या दोन्ही संप्रेरकांचा नळ संशोधकांच्या हाती होता. मग काहींच्या दोन्ही पट्ट्या काढल्या, काहींना फक्त इस्ट्रोजेन ठेवलं, काहींना फक्त टेस्टोस्टेरॉन, काहींना दोन्ही. तीन आठवड्यांनी लघवीतले हाड झिजल्याचे अंश मोजले. ज्यांच्या दोन्ही पट्ट्या काढल्या होत्या त्यांचं हाड खाल्लं जाण्याचं प्रमाण झपाट्याने वाढलं होतं. फक्त इस्ट्रोजेन ठेवलेल्यांत ती वाढ जवळजवळ पूर्ण रोखली गेली. फक्त टेस्टोस्टेरॉनने ती थोडीच आवरली. सन 2000 मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडला तो असा: पुरुषाच्या हाडाची झीज रोखण्याच्या कामात लैंगिक संप्रेरकांचा जो काही वाटा आहे, त्यातला किमान 70 टक्के इस्ट्रोजेनचा.

टेस्टोस्टेरॉन यामुळे बिनमहत्त्वाचं ठरत नाही. एक तर इस्ट्रोजेनचा कच्चा माल तेच आहे. नवं हाड भरण्याच्या कामात त्याचाही हातभार लागतो, हाडांची रुंदी वाढवण्यात ते पुढे असतं, आणि स्नायू टिकवण्याचं काम तर त्याचंच. मांडीचे स्नायू बळकट असतील तर माणूस मुळात पडण्याची शक्यताच कमी होते. पण राखण कुणाची, या प्रश्नाचं उत्तर बदललं आहे. सत्तरीतल्या पुरुषाच्या रक्तात त्याच्या समवयस्क पत्नीपेक्षा जास्त इस्ट्रोजेन असतं. तिच्यापेक्षा त्याची हाडं टिकाऊ निघण्याचं हे एक मोठं कारण.

मग म्हातारपणी बिघडतं काय? टेस्टोस्टेरॉनची एकूण पातळी हळूहळू उतरते हा भाग लहान. मोठा भाग वेगळाच आहे. वयाबरोबर रक्तात एक प्रथिन वाढत जातं, ते लैंगिक संप्रेरकांना घट्ट धरून ठेवतं. धरून ठेवलेलं संप्रेरक पेशीत शिरू शकत नाही. त्यामुळे प्रयोगशाळेच्या कागदावर टेस्टोस्टेरॉन ठीकठाक दिसतं, पण कामाला उपलब्ध असलेलं टेस्टोस्टेरॉन आणि त्यातून होणारं इस्ट्रोजेन दोन्ही घटलेली असतात. स्वीडनमधल्या वृद्ध पुरुषांच्या 2008 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात इस्ट्रॅडिऑल कमी आणि हे प्रथिन जास्त असलेल्यांची हाडं जास्त मोडलेली आढळली.

इथे थांबून एका गोष्टीबद्दल स्पष्ट बोलणं भाग आहे. 'पुरुषांमधलं टेस्टोस्टेरॉन कमी झालंय, भरून काढा' असा प्रचार आता आपल्या मोबाइलपर्यंत पोचला आहे. जेल, इंजेक्शन, चूर्ण, डबे. साठीतल्या माणसाला पुन्हा चाळिशीत नेण्याचं आश्वासन. हाडं मजबूत होतील हेही त्यात सांगितलेलं असतं. घनतेपुरतं पाहिलं तर हे निराधार नाही. टेस्टोस्टेरॉन कमी असलेल्या, 65 वर्षांपुढच्या 211 पुरुषांवरचा एक काटेकोर अभ्यास 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. वर्षभर टेस्टोस्टेरॉनचं जेल लावल्यावर त्यांच्या मणक्यातल्या जाळीदार हाडाची घनता साडेसात टक्क्यांनी वाढली. औषधाविना नुसतं जेल लावणाऱ्यांची एक टक्काही नाही. सगळ्यांनाच आशा वाटली.

पण हाडाची घनता हे साधन आहे, साध्य नाही. साध्य हाड न मोडणं. त्याची कसोटी ट्रॅव्हर्स नावाच्या मोठ्या चाचणीत लागली. टेस्टोस्टेरॉन कमी असलेले आणि हृदयविकाराचा धोका असलेले 45 ते 80 वयाचे 5,204 पुरुष, निम्म्यांना टेस्टोस्टेरॉनचं जेल, निम्म्यांना बिनऔषधी जेल, सुमारे तीन वर्षं लक्ष. जानेवारी 2024 मध्ये आलेला निकाल कुणाच्याच अपेक्षेत नव्हता. टेस्टोस्टेरॉन घेणाऱ्यांपैकी साडेतीन टक्के पुरुषांची हाडं मोडली, न घेणाऱ्यांपैकी अडीच टक्क्यांची. घनता वाढवणारं औषध, आणि मोडणारी हाडं जास्त. असं का झालं यावर अजून वाद आहे. फरक पहिल्या काही महिन्यांतच दिसू लागला, त्यामुळे अंगात जोर आल्यासारखं वाटून माणसं अधिक धडपड करू लागली आणि पडली, असा एक तर्क आहे. तर्क काही असो, व्यवहारापुरता निर्णय पक्का झाला आहे: हाडांसाठी म्हणून टेस्टोस्टेरॉन घेऊ नये. ज्याच्या वृषणांचं किंवा पिट्युटरी ग्रंथीचं काम खरोखर बंद पडलं आहे त्याला ते द्यावंच लागतं, आणि त्याचं कारण वेगळं असतं. अशी माणसं थोडी असतात. युरोपातल्या आठ केंद्रांमधल्या 40 ते 79 वयाच्या 3,369 पुरुषांत वयाबरोबर येणारी खरीखुरी टेस्टोस्टेरॉनची कमतरता, लक्षणांसकट, दोन टक्क्यांच्या आसपासच आढळली होती. निदानही एका तपासणीवर होत नाही. सकाळी, उपाशीपोटी, निदान दोन वेगळ्या दिवशी रक्त द्यावं लागतं. दुपारी जेवून घेतलेल्या नमुन्यावर आयुष्यभराचं इंजेक्शन सुरू करणं हा रुग्णावर अन्याय आहे.

याच्या अगदी उलट टोकाला एक मोठा गट आहे, आणि त्याच्याकडे होणारं दुर्लक्ष मला सर्वांत जास्त खटकतं. प्रोस्टेटच्या कर्करोगात टेस्टोस्टेरॉन मुद्दाम बंद केलं जातं. शिकागोचे चार्ल्स हगिन्स यांनी 1941 मध्ये दाखवून दिलं की हा कर्करोग टेस्टोस्टेरॉनवर पोसला जातो. त्याबद्दल 1966 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. आज तेच काम तीन किंवा सहा महिन्यांच्या इंजेक्शनने होतं, काहींच्या बाबतीत वृषण काढून. कर्करोग आटोक्यात येतो, माणूस दहा-पंधरा वर्षं जगतो. पण कच्चा माल संपल्यामुळे त्याचं इस्ट्रोजेनही संपतं. स्त्रीला पाळी जाताना जे घडतं, ते या माणसाला काही आठवड्यांत आणि जास्त तीव्रपणे घडतं: घामाच्या गरम लाटा, चिडचिड, स्नायू गळणं आणि हाडांची झपाट्याने होणारी झीज. अमेरिकेत 50,613 रुग्णांची नोंद तपासून 2005 मध्ये मांडलेला आकडा असा: निदानानंतर किमान पाच वर्षं जगलेल्यांपैकी हा उपचार घेतलेल्या 19.4 टक्के पुरुषांची हाडं मोडली, न घेतलेल्यांपैकी 12.6 टक्क्यांची. उपचार थांबवा असा याचा अर्थ मुळीच नाही. इंजेक्शन सुरू करतानाच हाडांची घनता मोजा आणि गरज असेल तर हाडांचं औषधही सुरू करा, इतकाच अर्थ. डेनोसुमॅब हे औषध अशाच 1,468 रुग्णांवर तपासलं गेलं. तीन वर्षांत नव्याने मणका खचण्याचं प्रमाण 3.9 टक्क्यांवरून 1.5 टक्क्यांवर आलं. कर्करोगाचा तज्ज्ञ कर्करोग पाहतो, मूत्ररोगतज्ज्ञ प्रोस्टेट, आणि मधल्या फटीत माणसाचा सांगाडा राहून जातो. त्या फटीत घरच्यांनी प्रश्न विचारून उभं राहावं लागतं.

संप्रेरकांखेरीज इतर कारणं पुस्तकात सविस्तर आली आहेत, म्हणून इथे धावता उल्लेख. दमा, संधिवात, त्वचारोग यांसाठी महिनोन्‌महिने घेतलेल्या स्टिरॉइडच्या गोळ्या हे पुरुषांच्या ठिसूळ हाडांचं फार मोठं कारण. दारू, तंबाखू, फिट्सची काही जुनी औषधं, पॅराथायरॉइड आणि थायरॉइड ग्रंथींचे आजार, मूत्रपिंडाचे विकार. पुरुषांमध्ये असं एखादं कारण सापडण्याची शक्यता बरीच असते. म्हणजेच शोधलं तर उपाय असतो.

आपल्या देशाचं चित्र काय आहे? दिल्लीत पन्नाशीपुढच्या स्त्री-पुरुषांच्या मणक्यांचे एक्स-रे काढून केलेल्या पाहणीत खचलेला मणका सुमारे 17 टक्के स्त्रियांत आढळला आणि 19 टक्के पुरुषांत. पुरुष मागे नव्हते. यातल्या बहुतेकांना आपला मणका खचलाय याची कल्पनाही नसते. कंबर धरली, वय झालं, ओझं उचललं म्हणून दुखतंय, असं म्हणून दिवस जातात. दिल्लीतल्याच दुसऱ्या पाहणीत पन्नाशीपुढच्या, वरवर निरोगी माणसांपैकी दहातल्या नऊ जणांना ड जीवनसत्त्वाची कमतरता होती. ऊन भरपूर आहे, पण ते अंगावर पडत नाही. सन 2000 मध्ये तिथल्याच एका अभ्यासात उघड्यावर कवायत करणाऱ्या सैनिकांची पातळी रुग्णालयात काम करणाऱ्या डॉक्टर-परिचारिकांपेक्षा बरीच चांगली निघाली होती.

कॅल्शियमबद्दल मराठी स्वयंपाकघराने काळजी करण्याचं कारण नाही. लक्ष देण्याचं आहे. प्रौढ माणसाला दिवसाला 1,000 मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं असं हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2020 साली ठरवलं. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम असतं, बाजरीत त्याच्या दहाव्या भागाच्या आसपास. कोकणातली नाचणीची भाकरी, तिळाची चटणी, ताक, सुकट ही हाडांची खरी शिदोरी. दात नसलेल्या वडिलांना नुसता वरण-भात आणि चहा-बिस्किटावर ठेवलं तर ती तुटते. त्याही आधीचा पाया लहानपणी घातला जातो. पुण्यात डॉ. अनुराधा आणि डॉ. वामन खाडिलकर यांच्या गटाने भारतीय मुलांच्या वाढीवर आणि हाडांवर वर्षानुवर्षं काम केलं आहे. पंचविशीत हाडांची शिल्लक किती जमली यावर सत्तरीतलं बरंचसं भवितव्य ठरतं, हे त्या क्षेत्रातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

औषधांची गोष्ट आशा देणारी आहे. अलेंड्रोनेट पुरुषांत घनता वाढवतं हे ओरेगॉनच्या एरिक ऑरवॉल यांनी 2000 मध्ये 241 पुरुषांवर दाखवलं. वर्षातून एकदा सलाईनमधून दिलं जाणारं झोलेड्रॉनिक ॲसिड 1,199 पुरुषांवर तपासलं गेलं. 2012 च्या अहवालानुसार दोन वर्षांत नवा मणका खचण्याचं प्रमाण 4.9 टक्क्यांवरून 1.6 टक्क्यांवर उतरलं. फार खालावलेल्या हाडांसाठी टेरिपॅराटाइडची रोजची इंजेक्शनं आहेत, ती नवं हाड बांधतात. ही औषधं आपल्याकडे मिळतात. ती देण्याआधी दात आणि मूत्रपिंडं तपासावी लागतात, ड जीवनसत्त्व भरून घ्यावं लागतं. आणि डेनोसुमॅब मनाने बंद केलं तर थांबलेली झीज उसळून येते आणि मणके खचू शकतात, एवढं प्रत्येक रुग्णाने लक्षात ठेवावं. तपशील त्या त्या प्रकरणात आहेत.

वाचकाने हे पुस्तक पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलंच पाहिजे असं नाही. ज्यांच्या घरी प्रोस्टेटचा उपचार चालू आहे त्यांनी ते प्रकरण आधी वाचावं. स्टिरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर त्या मनाने थांबवू नयेत. ते धोक्याचं आहे, डॉक्टरांशीच बोलावं. तरुण डॉक्टरांना विनंती अशी, की हाड जोडल्यावर डिस्चार्जच्या कागदावर कारणाचा शोधही लिहा: ड जीवनसत्त्व, कॅल्शियम, पॅराथायरॉइड, सकाळचं टेस्टोस्टेरॉन, आणि डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी.

आणि एक काम आज घरीच करता येण्यासारखं आहे. साठीपुढच्या वडिलांना, काकांना, आजोबांना भिंतीला टेकवून अनवाणी उभं करा आणि उंची मोजा. जुन्या पासपोर्टवर, नोकरीच्या वैद्यकीय तपासणीच्या कागदावर किंवा त्यांच्या स्वतःच्या आठवणीत तरुणपणची उंची असते. त्यापेक्षा चार सेंटिमीटर किंवा अधिक घटली असेल, तर दुखत असो वा नसो, पाठीच्या मणक्यांचा बाजूने एक्स-रे काढून घ्या. सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येक पुरुषाची, आणि हाड मोडण्याची कारणं असतील तर पन्नाशीपासूनच, हाडांची घनता मोजावी, अशी शिफारस अमेरिकेच्या एंडोक्राइन सोसायटीने 2012 सालीच केलेली आहे.